शिट्टी वाजली की चिंचेखाली

आमच्या मालकांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचा अल्बम पाहायचा योग आला, तर सोडू नका. नवरी सुंदर आहे, नवरा बिचारा घामाघूम आहे, आणि दोघांच्या मधोमध, प्रत्येक फोटोत, एक लालभडक नळकांडं उभं आहे. आग विझवायचं. अक्षता पडताना आहे, होमापाशी आहे, आणि सप्तपदीत तर ते जोडप्याच्या मागोमाग जागा बदलत जातं, कारण मालक स्वतः ते काखेत धरून मागून चालत होते. नवऱ्याच्या आईला वाटलं, मुलीकडच्यांनी काहीतरी मानाचं ठेवलंय. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. तेही एका फोटोत आहे.

"होम म्हणजे काय?" अल्बम दाखवताना मालक मला म्हणाले. "कापडी मांडवात तुपाने पेटवलेली आग. आणि भोवती सगळ्या बायका जरीच्या साड्यांत! भटजींना सांगितलं, तुम्ही मंत्र म्हणा, मागे मी आहे."

मालक म्हणजे माझ्या शेडचे मालक. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता. चादरी आणि टॉवेल निघायचे. पुढे धंदा बसला, माग विकले गेले, आणि उरली एक लांबलचक पत्र्याची शेड, अंगणात चिंचेचं झाड, आणि शेडच्या एका कोपऱ्यात मालकांची लोखंडी खाट, लाकडी खुर्ची आणि एक टेबलपंखा. घर अंगणापलीकडे होतं, पण मालक तिथे फक्त जेवायला आणि झोपायला जात. बाकी दिवसभर ते शेडमध्ये पहाऱ्यावर असत. कशाच्या पहाऱ्यावर, हे वेगळं सांगायला नको.

मी त्यांच्याकडे जाऊन पडले ती माझ्या कॉफीमुळे. शाळेत रसायनशास्त्र शिकवून शिकवून कंटाळले, नोकरी सोडली, कर्नाटकात जाऊन कॉफी भाजायचं शिकून आले आणि एक छोटं यंत्र घेतलं. पहिल्यांदा ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसवलं. आठवडाभरात सोसायटीचे अध्यक्ष वर आले. "वहिनी, रोज काय हो करपतं तुमच्याकडे?" मी सांगितलं, करपत नाही, भाजतेय. ते म्हणाले, "मग दूध जरा आधी उतरवत चला." सोलापुरात शेंगा भाजलेल्या चालतात, मिरच्या कांडलेल्या चालतात, चटणीच्या वासाने तर गल्लीला भूक लागते. पण कॉफी भाजली की सगळ्यांना एकदम खोकला. गच्चीवरून मला खाली उतरवलं. त्यानंतर जिथे जिथे जागा पाहिली, तिथे तिथे धुराचं नाव काढताच माणसं दार लोटून घेत. मालकांची शेड ही शेवटची आशा होती. ती गेली असती, तर यंत्र विकून मला परत आवर्तसारणी शिकवायला जावं लागलं असतं.

मालकांनी मला खाटेसमोर उभं करून आपादमस्तक पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, साडीकडे.

"सुती?"

"हो."

"हे बरं आहे. नायलॉन पेटलं की अंगाला चिकटतं." मग म्हणाले, "बाई, तुम्ही आगीचाच धंदा करणार. माझी ना नाही. पण एक अट. पहिली ज्वाळा दिसली की शेड रिकामी. भांडण नाही, कोर्ट नाही, नोटीस नाही. ती आली की शेड रिकामी."

'ती' म्हणजे आग. मालक तिचं नाव शक्यतो घेत नसत. एखाद्या मोठ्या घरच्या विक्षिप्त बाईबद्दल बोलावं तसं बोलत. "ती विचारून येत नाही." "ती आधी वास पाठवते, मग स्वतः येते." "तिला कोपरे आवडतात." ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं एकेकाळी लग्न ठरता ठरता मोडलं असणार.

मी अट मान्य केली. न करून सांगते कोणाला?

माझ्याबरोबर रुक्मिणीबाई होत्या. वैरागच्या. कच्च्या बियांमधले किडके-फुटके दाणे निवडायचं आणि भाजलेली कॉफी पिशव्यांत भरायचं काम त्यांचं. जिभेला हाड नाही आणि हाताला विसावा नाही. पहिल्याच दिवशी मालकांनी आम्हा दोघींना ओळीत उभं केलं, खिशातून पितळेची शिट्टी काढली आणि नियम सांगितला, "शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं आणि चिंचेखाली यायचं. पळायचं नाही, रेंगाळायचं नाही, मागे वळून बघायचं नाही."

"चिंचेखाली? भर दुपारी?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आन् काय लागीर झालं मजी?"

"ते नंतर बघू. आधी जिवंत बाहेर या."

मग कवायती सुरू झाल्या. मालक त्याला ड्रिल म्हणत. ड्रिल कधीही होई. मी हिशेबात असताना, रुक्मिणीबाईंचा घास तोंडापाशी असताना, एकदा तर गॅसवाला टाकी खांद्यावर घेऊन दारात उभा असताना. तोही बिचारा टाकीसकट चिंचेखाली आला. झाडाखाली हजेरी होई. "बाई?" "हजर." "रुक्मिणीबाई?" "हाय की." "हाय की नाही, हजर म्हणायचं." "हजर हाय की." आणि मग मालक तितक्याच गंभीरपणे पुकारत, "मालक?" एक क्षण थांबून, सुरातही किंचित फरक करून स्वतःच उत्तर देत, "हजर."

प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं होतं. रुक्मिणीबाईंनी जाता जाता दाराजवळचा मेन स्विच बंद करायचा. ड्रिलमध्ये नुसता हात लावून "बंद" म्हणायचं, म्हणजे पंखे वगैरे उगीच थांबायला नकोत. माझं काम, दोन्ही दारं सताड उघडी आहेत ना ते पाहणं. मालकांचं काम, शिट्टी.

भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. रोज संध्याकाळी मालक त्या हलवून पाहत. एके दिवशी एक बादली हलकी लागली. चौकशी झाली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मीच घेतली की चिमूट चिमूट. भांडी लई चांगली निघत्यात." मालकांनी कपाळाला हात लावला. आठवड्याने दुसरी बादली जड लागली. त्यात शेजारची मांजर नियमित येऊन जात होती. मालक त्या बादलीकडे पाहत म्हणाले, "तिच्यावर नेमकी हीच टाकायची पाळी आली, तर तिलाही कळेल आपण तिला काय समजतो."

त्यांच्या नाकाबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. ते नाक म्हणजे विद्यापीठ होतं. दारातून आत येताना माणूस मागे आणि नाक पुढे. "हे वायरचं इन्सुलेशन. हे रबर. ही पलीकडच्या गल्लीतली फोडणी, मोहरी जास्त झालीय." आणि अशा नाकासमोर मी रोज कॉफी भाजायची! पहिले काही दिवस माणूस वेडा व्हायचा बाकी होता. प्रत्येक घाण्याला खाटेवरून उडी. "बाई, जळतंय!" "भाजतंय, मालक." "बाई, आता नक्की जळतंय!" "आता तर नुसतं पिवळं झालंय." पहिली तडतड सुरू झाली, म्हणजे बिया लाहीसारख्या फुटू लागल्या, की ते बादलीला हात घालत. मी त्यांना शेजारी बसवून घेऊ लागले. आधी गवताचा वास येतो, मग भाकरीचा, मग साखर तापल्याचा. हा चांगला. हाही चांगला. घाबरायचं नाही. माझ्यातल्या मास्तरणीला एवढा तल्लख विद्यार्थी कधी मिळाला नव्हता. वर्षभरात मालक खाटेवर पडल्या पडल्या, डोळे न उघडता सांगू लागले, "बाई, साखर आली." आणि कूस बदलून घोरायला लागत. मला केवढा अभिमान वाटायचा!

तुम्हाला वाटेल, एवढी भीती म्हणजे मागे काहीतरी घडलेलं असणार. मलाही वाटायचं. सुताची लव हवेत उडत असते, एका ठिणगीला अख्खी शेड जाते, हे पूर्व भागात कोणाला सांगावं लागत नाही. एके दिवशी मी हलक्या आवाजात त्यांच्या पत्नीला, अक्कांना, विचारलं. अक्का शेवया वाळत घालत होत्या.

"अक्का, मालकांच्या कारखान्यात कधी मोठी आग लागली होती का हो?"

"मोठी? छोटीसुद्धा नाही."

"मग शेजारी? नात्यात?"

"कुठेच नाही. अहो, ह्यांच्या एका मागाला कधी ठिणगी पडली नाही. दर दिवाळीला रात्रभर बादली घेऊन गच्चीत. एक फुलबाजी वर यायची नाही." अक्कांनी शेवयांची काठी झटकली. "तेच तर दुःख आहे ह्यांचं. एवढी तयारी, आणि पाहुणी येतच नाही."

आमचं खरं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मला शिकवलेलं असं, की ड्रममध्ये बिया असताना भाजणाऱ्याने यंत्र सोडून हलायचं नाही. आणि ड्रममध्ये आग लागलीच, तर गॅस बंद, हवा बंद, ड्रम फिरता ठेवायचा आणि दार उघडायचं नाही. हवा मिळाली नाही की आतल्या आत गुदमरून विझते. दार उघडलंत की भडकून बाहेर येते. पाणी तर मुळीच नाही, तापल्या लोखंडाला तडा जातो आणि वाफेने माणूस भाजतो.

मालकांना हे ऐकून धक्काच बसला. "आत ती, आणि आपण दार लावून बाहेर उभं राहायचं? बघत?"

"हो."

"पाणी नाही?"

"नाही."

"वाळू?"

"दारच उघडायचं नाही, तर वाळू घालणार कुठून?"

"मग माणसाने करायचं काय?"

"थांबायचं."

"बाई," मालक फार दुःखाने म्हणाले, "ह्यासाठी तुम्ही कर्नाटकात गेलात?"

शेवटी तह झाला. मी त्यांचं ऐकायचं आणि त्यांनी माझं. रोज संध्याकाळी यंत्राचं धुराडं झाडायचं आणि फोलपटाचा डबा रिकामा करायचा, हा त्यांचा हट्ट मी मानला. भाजताना बियांचं कागदासारखं साल सुटतं, ते साठतं आणि बारूदासारखं पेटतं. इथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एखाद्या दिवशी मला कंटाळा आला, तर ते स्वतः धुराड्यात डोकं घालून बसत आणि काजळी फासलेला चेहरा घेऊन घरी जेवायला जात. त्याच्या बदल्यात त्यांनी कबूल केलं, की ड्रममध्ये बिया असताना शिट्टी वाजवायची नाही. आधी विचारायचं, "बाई, रिकामं आहे का?" मी हो म्हटलं की वाजवायची.

पण हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. "विचारून केलेली ड्रिल म्हणजे काय ड्रिल?" ते रुक्मिणीबाईंपाशी कुरकुरत. "ती विचारणार आहे का, रिकामं आहे का म्हणून?"

आणि मग तो दिवस उजाडला. आसपासच्या कारखानदारांनी मालकांना विनंती केली होती, की आगीपासून बचाव कसा करायचा ते आम्हाला दाखवा. आयुष्यात पहिल्यांदा! ज्या माणसाला गल्लीत सगळे मागून हसत, त्याच्याकडे पाच-सहा शेडमालक शिकायला येणार! मालकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. बादल्यांना नवा लाल रंग दिला. तो वाळला नव्हता, म्हणून दिवसभर सगळ्यांच्या कोपरांना लाल डाग. पाहुणे आले तेव्हा माझा घाणा सुरू होता. पहिली तडतड होऊन गेली होती, आणखी थोडं गडद करायचं होतं. गॅस मंद केला होता.

मालक पाहुण्यांना हिंडवत होते. "हे नळकांडं. ही वाळू. ह्या बाई, हे त्यांचं यंत्र. ह्यांना मी बजावून ठेवलंय, पहिली ज्वाळा दिसली की शेड रिकामी. काय बाई?" मी मान डोलावली. पाहुण्यांतले सर्वांत वयस्कर, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते. आणि मालकांना राहवलं नाही. समोर सहा माणसं, खिशात शिट्टी. त्यांनी श्वास भरला आणि वाजवली.

मी ओरडायला तोंड उघडलं. "मालक, ड्रममध्ये—" पण वर्षभराच्या कवायतीने माझे पाय माझे राहिलेच नव्हते. डोकं यंत्रापाशी होतं आणि पाय चिंचेकडे चालले होते. भानावर आले तेव्हा मी झाडाखाली होते आणि हातात बियांचा नमुना काढायची पळी होती.

"मालक, बिया आहेत आत!"

"दोन मिनिटं, बाई," ते कुजबुजले. "पाहुणे आहेत. हजेरी झाली की सोडतो." आणि मोठ्याने, "हजेरी झाल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही! हा सर्वांत मोठा नियम!"

आता हजेरी नेहमीची नव्हती. पाहुण्यांची नावं घेतली गेली. प्रत्येक नावाबरोबर दोन शब्द गौरवाचे. मग मालकांचं स्वतःचं नाव, तो विराम, ते उत्तर. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मग भाषण. "ती आधी वास पाठवते," मालक म्हणाले.

"मालक," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "वास येतुय."

मालकांनी नाक वर केलं, एक भरपूर श्वास घेतला आणि पाहुण्यांकडे वळून मंद हसले. "हा? हा कॉफीचा. सुरुवातीला मीही फसायचो. आधी गवत, मग भाकरी, मग साखर. घाबरायचं नाही."

मी एकदम शेडकडे वळले. कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की शेडमधून यंत्राची घरघर ऐकू येत नाहीये.

"रुक्मिणीबाई, मेन स्विचला नुसता हात लावलात ना?"

"न्हाय ताई. सकाळी मालक म्हनले, आज पाव्हणं हायत, आज खरंच बंद करा. केला की."

ड्रम थांबला होता. खाली गॅस चालू. बिया एका जागी पडून तापल्या तव्यावर. मी पळीसकट धावले. मागून मालकांचा आवाज, "बाई! आत जायचं नाही! नियम!" आणि मग तेही माझ्यामागे धावले, आणि त्यांच्यामागे रुक्मिणीबाई, आणि पाहुणे दारापर्यंत.

आत निळसर काळा धूर. यंत्राच्या छोट्या काचेच्या खिडकीत नारिंगी उजेड. मी गॅसचा कॉक फिरवला, हवेची झडप लावली, यंत्राच्या पंख्याचं बटण बंद केलं. आता ड्रम फिरायला हवा होता.

"रुक्मिणीबाई, मेन चालू करा!"

रुक्मिणीबाई स्विचवर हात ठेवून उभ्या. कारण ड्रिलमध्ये एकदा बंद झालेला मेन मालकांच्या परवानगीशिवाय चालू करायचा नाही, असा नियम. त्या मालकांकडे पाहत होत्या. "मालक, करू का चालू?"

मालकांचं लक्षच नव्हतं. ते खिडकीतल्या नारिंगी उजेडाकडे पाहत होते.

"मालक! करू का?"

"अं? करा, करा."

ड्रम घरघरला. मी श्वास सोडला आणि वळून पाहते तो मालक पाण्याची बादली घेऊन यंत्राच्या दाराच्या दांड्यापाशी पोचलेले.

मी आडवी झाले. "दार उघडायचं नाही."

"बाई, सरका."

"नाही सरकणार."

"शेड माझी आहे!"

"यंत्र माझं आहे!"

"आत ती आहे, बाई!" त्यांचा आवाज फाटला. सबंध आयुष्य ज्या क्षणासाठी तयारी केली तो क्षण समोर उभा, हातात भरलेली बादली, आणि मधे एक लठ्ठ मास्तरीण. पाणी माझ्या पावलांवर सांडत होतं. "बाई, सगळं जाईल."

"उघडलंत तर जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काचेकडे. मग फार सावकाश बादली खाली ठेवली. एवढं अवघड काम करताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

"मग मी काय करू?"

"नळकांडं घेऊन इथे उभे राहा. ती बाहेर आली, तरच मारा."

"आणि नाही आली तर?"

"तर नुसते उभे राहा."

ते उभे राहिले. नळकांडं काखेत धरून, मुलीच्या लग्नात धरलं होतं तसं. मी वर धुराड्याकडे पाहत होते. तिथे फोलपट साठलेलं असतं, तर आग त्या वाटेने छतापर्यंत गेली असती. पण धुराडं लख्ख होतं. काल संध्याकाळी मला कंटाळा आला होता, आणि मालक डोकं आत घालून बसले होते. ड्रम फिरत राहिला. नारिंगी उजेड तांबूस झाला, मग विटकरी, मग काच नुसती काळी. मालक काचेच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास तिच्यावर उमटला.

"चल्लारिंदि," ते पुटपुटले. मोठ्या क्षणी ते घरच्या तेलुगूत जात. निवली.

आणि दारात टाळ्या वाजल्या.

पांढऱ्या टोपीचे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी मालकांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा! काय ड्रिल! धूर कसला केला होतात? आणि बाईंचं ते आडवं होणं! आम्हाला खरंच वाटलं की!" बाकीचे माना डोलावत होते. एक जण विचारत होता, आमच्या शेडमध्ये असाच धूर करून दाखवाल का.

मी मालकांकडे पाहिलं. एक शब्द. नुसतं हसले असते तरी चाललं असतं. ही ड्रिल होती असं म्हणाले असते, तर ते पूर्व भागाचे नायक, आणि माझी शेड माझी. ही आग होती असं म्हटलं, तर सहा माणसांसमोर सांगितलेली अट सहा माणसांसमोर पाळायची. मी डोळ्यांनी एवढ्या विनवण्या केल्या, की रुक्मिणीबाईंनी विचारलं, "ताई, धूर गेला का डोळ्यांत?"

मालकांनी नळकांडं खाली ठेवलं.

"ही ड्रिल नव्हती," ते म्हणाले. "ही आग होती."

टाळ्या थांबल्या.

"मग... ती तुमची अट?" पांढरी टोपी चाचरत म्हणाली.

"उद्या सकाळी शेड रिकामी होईल," मालक म्हणाले आणि घराकडे चालू लागले. चपला शेडच्या दारातच राहिल्या.

संध्याकाळी मी अक्कांकडे रदबदली करायला गेले. मालक आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. अक्कांनी मला चहा दिला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जन्मभर वाट बघितली. आली तेव्हा वाससुद्धा ओळखता आला नाही. भाषण चाललं होतं ह्यांचं." आतून खाट करकरली. रदबदली तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं आणि रुक्मिणीबाईंबरोबर यंत्र सोडवायला गेले. शाळेत मुख्याध्यापकांना फोन कसा करायचा, याची वाक्यं वाटेत जुळवत होते. अंगणात शिरलो, तर चिंचेखाली लोखंडी खाट. तिच्याशेजारी लाकडी खुर्ची. खुर्चीवर टेबलपंखा, वायर हवेत लोंबकळतेय. आणि खाटेवर मालक, ऊन चुकवत, पेपर वाचतायत.

"शेड रिकामी केली," ते पेपरामागून म्हणाले.

मी आत जाऊन पाहिलं. माझं यंत्र, माझी पोती, माझी फळी, सगळं जिथल्या तिथे. फक्त मालकांचा कोपरा झाडून पुसून मोकळा.

"मालक, अहो, ते मी रिकामी करायची होती ना?"

"कोणी म्हटलं? मी म्हटलं होतं, ती आली की शेड रिकामी. कोणी करायची ते कुठे म्हटलं होतं?" पेपर खाली आला. डोळे सुजलेले होते. "तिला बोलावलं मी. तुम्ही भाजत होतात, मी शिट्टी वाजवली. मेन बंद करायला मी सांगितला. बादली मी आणली. मग बाहेर कोणी जायचं?"

"आन् पावसाळ्यात वो, मालक?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"पावसाळ्यात छत्री."

"आन् चिंचा पडल्या डोक्यात मजी?"

"रुक्मिणीबाई, आत जाऊन काम करा."

मी खूप विनवलं, अक्कांनी शिव्या दिल्या, पण मालक पुन्हा त्या कोपऱ्यात बसायला आले नाहीत. शेडमध्ये यायचं झालं, तर दारात उभे राहून विचारायचे, "बाई, येऊ का?" स्वतःच्या शेडमध्ये! मी भाजत असले, तर म्हणायचे, "असू दे, असू दे, नंतर येतो," आणि पाठ फिरवायचे. धुराडं झाडायला मात्र रोज परवानगी मागून येत.

त्या सहा जणांनी ही हकीकत सगळ्या पूर्व भागात पसरवली. आता मालकांना कोणी बोलावणार नाही, असं मला वाटलं होतं. उलट झालं. ज्याने आयुष्यभर आग टाळली त्याचं ऐकायला पूर्वी कोणी येत नव्हतं. ज्याने स्वतःच्या शेडला आग लावली, त्याला ऐकायला सगळे यायला लागले. मालक गावभर बोलावणी घेऊ लागले आणि कारखाना बंद असेल त्या वारी जाऊन उभे राहू लागले. मला सांगत नसत. पांढऱ्या टोपीच्या गृहस्थांकडे भाषण होतं तेव्हा त्यांनी मला बोलावलं, म्हणून मी गेले आणि मागच्या बाकावर बसले.

मालक उभे राहिले. अंगावर तोच इस्त्रीचा सदरा, कोपराला लाल रंगाचा डाग तसाच. त्यांनी काहीही लपवलं नाही. नाकावर भरवसा ठेवला ते सांगितलं, पाहुण्यांना पाहून हुरळलो ते सांगितलं, बादली उचलली ते सांगितलं. मग मला मागे पाहिलं आणि हाताने उभं राहायची खूण केली. मला उभं राहावं लागलं.

"ह्या बाई. ह्यांनी मला काही करू दिलं नाही. म्हणून माझी शेड आज उभी आहे."

सगळे वळून पाहू लागले. मला कुठे पाहावं कळेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक तरुण कारखानदार उठला. "ते सगळं ठीक आहे मालक. पण नेमकं सांगा. आग लागली, तर माणसाने सर्वांत आधी काय करायचं?"

मालक विचारात पडले.   पाणी, वाळू, मेन स्विच, दारं, नियम, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं.

"आधी," ते म्हणाले, "बाईंना विचारायचं."